पाटावर कोण बसणार

नीला बेहेरेला लोक 'गुरुजी' म्हणायला लागले तेव्हा तिची पन्नाशी उलटून गेली होती. त्याआधी ती फरीदाबादच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसायची. 'सुबह खाली पेट आना है जी, चाय भी नहीं पीनी,' हे वाक्य दिवसभर म्हणायची आणि भाद्रपदात मराठी मंडळाच्या गणपतीसाठी शिरा करायची. मंडळात तिची ओळख तेवढीच होती. उल्हासची बायको, अण्णासाहेबांची भावजय, शिरा छान करते.

उल्हास ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर होता. एका जानेवारीत, धुक्यात स्कूटर सुरू करता करता तो अंगणातच कोसळला आणि उठला नाही. मैत्रेयी तेव्हा अकरावीत होती. नीला शेजारणीच्या ओळखीनं लॅबमध्ये लागली, मुलीला शिकवलं, नोकरीला लागलेलं पाहिलं. या सगळ्या काळात उल्हासचे थोरले भाऊ, अण्णासाहेब, पाठीशी होते. तसं तेच सगळ्यांना सांगत. मंडळाचे ते कितीतरी वर्षं अध्यक्ष. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, उंच, आवाज भारदस्त, सभेत उभे राहिले की मागच्या रांगेतली कुजबूज आपोआप थांबायची. त्यांनी मदत केली नाही असं नीला कधी म्हणाली नाही. पण केलेली प्रत्येक मदत ते चारचौघांत बोलून दाखवत, आणि बोलून दाखवताना नीलाकडे बघत.

मैत्रेयीचं लग्न ठरलं ते दोन हजार बारा साली. मुलगा पुण्याचा, घरचे लोक साधे. सेक्टरमधलाच बँक्वेट हॉल घेतला होता. नीलानं त्या दिवसासाठी करोल बागेतून एक मोतिया रंगाची रेशमी साडी आणली होती. पांढरी म्हणावी तर पांढरी नाही, रंगीत म्हणावी तर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही, अशी. ती निवडताना तिनं दुकानदाराला इतका त्रास दिला की शेवटी तो म्हणाला, "बहनजी, अब तो बता दो, शादी में आप लगती क्या हो?" ती म्हणाली, "लड़की की माँ."

सकाळी पुण्याहवाचनाची तयारी झाली. पाट मांडले, कलश ठेवला, मंडळाचे नेहमीचे गुरुजी हळदीकुंकवाच्या वाट्या नीट करत होते. नीला पाटाकडे निघाली तेवढ्यात सुनीती आडवी आली. सुनीती म्हणजे अण्णासाहेबांची मुलगी. नवऱ्यानं सोडलेली, लहान मुलीला, स्वरूपाला, घेऊन दोन वर्षांपूर्वी माहेरी परत आलेली. तिच्या हातात काहीतरी निवडायचं ताट होतं आणि ती नीलाकडे न बघता बोलत होती.

"काकू, बाबा म्हणताहेत, तुम्ही जरा वरच्या खोलीत थांबा."

"आत्ता? अगं, सुरू होतंय ना."

"मुलाकडच्यांत कुणी काही बोलायला नको म्हणून. आई-बाबा बसताहेत पाटावर. कन्यादानही तेच करतील."

नीलाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं सुनीतीच्या खांद्यावरून पाहिलं. अण्णासाहेब सोवळं नेसून, उपरणं घेऊन उभे होते. शेजारी थोरल्या जाऊबाई, नथ घातलेल्या. अण्णासाहेब तिथूनच, अगदी मायेनं बोलल्यासारखं बोलले, "नीला, शास्त्रात बसत नाही ते. नियम मी केलेत का? आपल्याच मुलीच्या भल्यासाठी आहे. जा, बैस वर."

ती भांडली असती. नंतर आयुष्यभर ती त्या क्षणी काय बोलायला हवं होतं याची वाक्यं जुळवत राहिली, आणि एकाहून एक चांगली वाक्यं तिला सुचली. पण त्या क्षणी मुलाची आई समोरून येताना दिसली, मैत्रेयी खोलीतून मुंडावळ्या बांधून बाहेर पडताना दिसली, आणि नीला जिना चढून वर गेली. वरच्या खोलीत गाद्यांचा ढीग होता आणि एक प्लास्टिकची खुर्ची. मंगलाष्टकं तिला ऐकू आली ती खालच्या लाउडस्पीकरमधून. कोपऱ्यातल्या एका वाटीत कुणीतरी अक्षता विसरलं होतं. त्या तिनं मुठीत घेतल्या, पण टाकायच्या कुठं ते कळेना, म्हणून परत वाटीत ठेवल्या.

जेवणाच्या वेळी तिला खाली बोलावलं. अण्णासाहेब व्याह्यांच्या मध्ये बसून सांगत होते, "मुलीसारखीच वाढवली हो मी तिला."

एवढंच असतं तर कदाचित काळानं ते बोथट केलं असतं. पण लग्नानंतर मैत्रेयी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "तू त्या दिवशी खूप दगदग केलीस ना, म्हणून चक्कर आली. मला सारखं वाटत होतं, उठून वर यावं."

"कसली चक्कर?"

"अण्णाकाकांनी सांगितलं ना, आईला चक्कर आली म्हणून वर झोपवलंय. उठवू नकोस, म्हणाले."

नीला मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. पण तिच्या आत त्या दुपारी जे पेटलं ते पुढं विझलं नाही, आणि तिनं ते विझू दिलंही नाही. त्या दिवसापासून तिनं अण्णासाहेबांना 'भाऊजी' म्हणणं सोडलं. इतरांसारखं 'अण्णासाहेब' म्हणू लागली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

'शास्त्रात बसत नाही.' हे तीन शब्द घेऊन ती लॅबमध्ये जायची आणि तेच घेऊन घरी यायची. कुठलं शास्त्र? कुणी लिहिलंय? कुठं मिळतं? बायकांना पौरोहित्य शिकवणारा एक वर्ग पुण्यात चालतो, हे तिला मावसबहिणीकडून कळलं. नीलानं नोकरीचा राजीनामा दिला, फ्लॅटला कुलूप लावलं आणि मावसबहिणीच्या घरी जाऊन राहिली. कुणी विचारलं तर म्हणायची, "जरा बदल हवा होता." खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नाही, कारण खरं कारण ऐकलं की लोक समजूत घालायला लागतात.

वर्गात शिकवायला गिरिजाबाई होत्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, चुकीला क्षमा नाही. पहिले काही महिने नीलाची जीभ वळायची नाही. शाळेतलं संस्कृत कधीच पुसून गेलेलं. चाळिशीतल्या बायका तिच्या पुढं निघून जात. ती पहाटे उठून गच्चीत जाऊन एकेक ओळ शंभर वेळा घोकायची. हळूहळू आवाज सुटला. लॅबच्या काउंटरवर वर्षानुवर्षं गर्दीच्या वर चढवलेला तो आवाज, खणखणीत, शब्द न शब्द सुटा. एक दिवस गिरिजाबाईंनी तिला थांबवलं.

"नीलाताई, तुमचे उच्चार आता उत्तम झालेत. पण तुम्ही शांतिमंत्र म्हणता तेव्हा कुणाला तरी शिव्या दिल्यासारखं वाटतं."

सगळा वर्ग हसला. नीला हसली नाही. ते पाहून गिरिजाबाई म्हणाल्या, "असू द्या राग. पण विसर्गावर नका काढू."

विवाहसंस्कार शिकवताना गिरिजाबाईंनी एक जुनं वचन समजावून सांगितलं. कन्यादानाचा अधिकार कुणाला, तर आधी वडील, ते नसतील तर आजोबा, मग भाऊ, मग कुळातला कुणी आणि त्यानंतर आई. नीलानं हात वर केला. "आई? विधवा असली तरी?"

"वडील नाहीत म्हणूनच तर आईपर्यंत येतंय ना? शेवटी का होईना, आई आहे. तिला खोलीत कोंडा असं कुठंही लिहिलेलं नाही."

गिरिजाबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्या सहज बोलून गेल्या. नीला मात्र वर्गातून उठून बाहेर गेली आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली.

वर्ग संपवून ती फरीदाबादला परत आली तेव्हा मंडळाच्या कोजागिरीला अण्णासाहेबांनी मसाला दुधाचा पेला उंचावून सगळ्यांदेखत म्हटलं, "आता आमची नीला सत्यनारायण सांगणार आहे बरं का! प्रसाद तर फर्स्ट क्लास होईलच." हशा पिकला. मागाहून त्यांनी घरोघरी फोन करून हेही सांगितलं की आपलं मंडळ म्हणजे काही प्रयोगशाळा नाही, जुने गुरुजी आहेत तोवर दुसरीकडे जायचं कारण नाही. त्यामुळं फरीदाबादमध्ये तिला कुणी बोलावलं नाही.

बोलावलं ते करोल बागेतल्या शेवंतानं. शेवंताचा नवरा सोनं गाळायच्या कामात, मूळचा सांगलीकडचा. गल्लीत अशी पुष्कळ घरं होती, खाली भट्टी आणि वर संसार. नातवाच्या बारशाआधी सत्यनारायणाची पूजा करायची होती आणि मंडळाच्या गुरुजींनी 'गाडी तिथवर जात नाही' असं कारण सांगून टाळलं होतं. नीला मेट्रोनं गेली, पुढं चालत गेली, अरुंद जिना चढून वर पोचली. शेवंतानं तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"बाई गुरुजी पहिल्यांदाच बघतेय. कथा सगळी सांगणार ना? का गाळत जाणार, त्यांच्यासारखी?"

"सगळी सांगणार. आणि मध्ये कुणी फोनवर बोललं तर पहिल्यापासून परत सांगणार."

शेवंता खूश झाली. त्या गल्लीनं नीलाला पुढची दोन वर्षं जगवलं. मग कँटोन्मेंटमधल्या एका सुभेदाराच्या घरी वास्तुशांत झाली, मग नोएडातल्या एका आयटीवाल्या जोडप्याचं लग्न. मुलगी मराठी, मुलगा पंजाबी. नीलानं प्रत्येक विधीचा अर्थ हिंदीत सांगितला, तेव्हा मुलाची आजी पुढं सरकून बसली आणि म्हणाली, "हमारे वाले पंडितजी ने तो कभी बताया ही नहीं कि बोल क्या रहे हैं." गुडगाव, इंदिरापुरम, द्वारका... तिकडच्या मराठी मुलांना वेळेवर येणारं, समजावून सांगणारं, नेमकं काम करणारं माणूस हवं होतं. नीला साठीला आली तेव्हा थंडीच्या मोसमात तिला एक रविवार मोकळा मिळत नव्हता. हाताखाली तिनं दोन बायका तयार केल्या होत्या.

बाकी सगळ्या बाबतीत ती ऐकून घ्यायची. मुहूर्त पुढं-मागं करा, होम छोटा करा, मंगलाष्टकं दोनच म्हणा, सगळं चालायचं. एकाच गोष्टीत ती हटत नसे. मुलीची आई एकटी असेल, विधवा असो, घटस्फोटित असो, पाटावर तीच बसणार. 'लोक काय म्हणतील' असं कुणी म्हटलं की नीला शांतपणे म्हणायची, "मग दुसरे गुरुजी बघा." असं म्हटल्यावर कुणीच दुसरे बघितले नाहीत. एकेका आईला पाटावर बसवून तिच्या हातात पळी देताना नीलाला आनंद व्हायचा. पण तो सगळाच काही परोपकाराचा नव्हता. दर वेळी तिच्या डोळ्यांपुढं सोवळं नेसून उभे असलेले अण्णासाहेब यायचे आणि ती मनात म्हणायची, ही आणखी एक.

शिवाय त्या प्रत्येक आईचा फोटो ती 'बेहेरे परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. खाली एक शब्दही लिहायची नाही. अण्णासाहेबांनी तो पाहिल्याची खूण उमटेपर्यंत फोन हातात धरून बसायची. खूण उमटली की फोन ठेवून स्वस्थ जेवायची.

एकदा गुडगावच्या एका कंपनीनं महिला दिनाला तिला बोलावलं. पन्नाशीनंतर यश मिळवलेल्या बायका, असा विषय. व्यासपीठावर आणखी दोघी होत्या. एकीनं स्वप्नांचा पाठलाग केला होता, दुसरीनं स्वतःला शोधलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या मयुरानं नीलाला विचारलं, "मॅम, या वयात नव्यानं सुरुवात करायची तर मोटिव्हेशन लागतं. तुमचं काय होतं?"

"थोरल्या दिरांचा राग," नीला म्हणाली.

हॉल खो खो हसला. नीला हसणं थांबायची वाट बघत बसली आणि मग म्हणाली, "मी विनोद केला नाही. तुमच्यापैकी ज्यांना कुणाचा राग आहे त्यांनी तो योगाबिगा करून घालवू नका. कामाला लावा." या वेळी कुणी हसलं नाही. कार्यक्रम संपल्यावर मात्र चार-पाच जणी तिच्याभोवती जमल्या आणि हळू आवाजात आपापल्या लोकांची नावं सांगू लागल्या.

दोन हजार चोवीसच्या पावसाळ्यात स्वरूपा तिच्याकडे आली. सुनीतीची मुलगी आता मोठी झाली होती, नोएडात नोकरीला होती, दिल्लीतच वाढल्यामुळं तिचं मराठी निम्मं हिंदीत भिजलेलं.

"नीलाआजी, माझी शादी ठरली. राघव, माझ्याच ऑफिसमध्ये आहे. तुम्हीच लावायचं हां, बिल्कुल ना नाही म्हणायचं."

"तुझ्या आजोबांना विचारलंस?"

"त्यांना नंतर. मी ना, ग्रुपवरचे तुमचे फोटो सगळे सेव्ह केलेत. मला पण मम्मीचा तसाच फोटो पाहिजे. पाटावर. एकटीचा."

आजवर एका म्हाताऱ्याला टोचण्यासाठी टाकलेले ते फोटो ही पोर गुपचूप साठवत होती. तिनं स्वरूपाला जवळ घेतलं. पण हेही खरं, की त्याच क्षणी तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी जुळायला लागलं होतं. जाऊबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. अण्णासाहेब आता विधुर होते.

घरी वाद झाला असावा, कारण आठवड्याभरानं अण्णासाहेब स्वतः आले. ऐंशी पार केलेले, काठी घेऊन, लिफ्ट बंद म्हणून दोन जिने चढून. नीलानं त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

"पोरगी हट्टाला पेटलीय," ते म्हणाले. "तू नसशील तर कोर्टात जाऊन सही करीन म्हणते. आमंत्रणं तोंडी गेलीत सगळ्यांना. तू सांग विधी, माझी हरकत नाही. झालं गेलं विसरून जाऊ. कन्यादान मी करीन."

"तुम्ही? जोडीनं बसावं लागतं ना?"

"पुरुषाला चालतं. पत्नीच्या जागी सुपारी मांडतात. तुला माहीत असेल."

"माहीत आहे." नीला त्यांच्यासमोर बसली. "मैत्रेयीच्या लग्नात उल्हासच्या जागी सुपारी मांडता आली असती. तुम्हाला सुचलं नाही?"

अण्णासाहेब काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. "तेव्हाचा काळ वेगळा होता."

"दोन हजार बारा साल होतं, अण्णासाहेब. पेशवाई नव्हती."

"तू अजून तेच धरून बसलीयस?"

"हो."

त्यांना ते उत्तर अपेक्षित नव्हतं. लोक सहसा 'नाही हो, तसं काही नाही' म्हणतात. ते जरा चाचरले. "मग काय हवंय तुला? माफी?"

"माफी नको. पाटावर सुनीती बसेल. आईला अधिकार आहे, शास्त्रात आहे."

त्या वचनात आजोबांचं नाव आईच्या आधी येतं, हे तिला पाठ होतं. त्यांनी विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं. पण जन्मभर शास्त्राचं नाव घेणाऱ्या त्या माणसानं ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. तिनं सांगितलं नाही. सांगितलं नाही याचं तिला किंचितही वाईट वाटलं नाही.

"आणि दुसरं," ती म्हणाली, "पुण्याहवाचनापासून कन्यादान होईपर्यंत तुम्ही समोर यायचं नाही. हॉलला वर खोली असेलच. तिथं बसायचं."

अण्णासाहेब काठी टेकत उठले. दाराशी पोचल्यावर पाठमोरेच म्हणाले, "बरं."

ते इतक्या सहज कसे कबूल झाले, याचं कोडं तिला लग्नाच्या सकाळी उलगडलं. त्यांनी आपली सोय करून ठेवली होती.

डिसेंबरची सकाळ, हॉलमध्ये जागोजागी हीटर लावलेले. अर्धं मंडळ हजर होतं. मैत्रेयी बंगळुरूहून आली होती. सुनीती हिरव्या शालूत पाटावर बसली. हात कुठं ठेवावेत ते तिला सुचत नव्हतं. शेजारी स्वरूपा. पाहुण्यांना नीट ऐकू जावं म्हणून नीलाच्या पदराला छोटा माइक लावलेला. ती आचमनाचं पाणी देणार तेवढ्यात स्वरूपानं मान वळवून हॉलभर नजर फिरवली.

"मम्मी, आजोबा कुठायत?"

"त्यांना बरं वाटत नाहीये गं," सुनीती म्हणाली. "बीपी वाढलंय म्हणाले. वर आराम करताहेत. उठवू नका म्हणालेत."

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी माना हलवल्या. बिचारे, या वयात. नीलाच्या हातातली पळी तशीच राहिली. बारा वर्षांपूर्वी तिच्या नावानं खपवलेली थाप आज तो माणूस स्वतःच्या अंगावर पांघरून वर बसला होता, आणि खाली लोक हळहळत होते.

"त्यांना काही झालेलं नाही," नीला म्हणाली. आवाज सगळ्या हॉलभर गेला. "मी त्यांना वर बसायला सांगितलंय. कन्यादान होईपर्यंत."

स्वरूपाचे डोळे मोठे झाले.

"मैत्रेयीच्या लग्नात त्यांनी मला असंच वरच्या खोलीत बसवलं होतं. मी विधवा म्हणून. आणि माझ्या मुलीला सांगितलं होतं की आईला चक्कर आली. मी तसं खोटं सांगणार नाही. ते वर आहेत, धडधाकट आहेत, आणि माझ्या सांगण्यावरून आहेत."

कुणीतरी खुर्ची सरकवली. मंडळाचे एक जुने सभासद उठून उभे राहिले, 'अहो, पण आज मुलीच्या दिवशी...' असं काहीतरी पुटपुटले. स्वरूपानं आईचा हात धरला. "मम्मी?"

सुनीती खाली मान घालून बसली होती. नीलाला वाटलं, आता ही उठणार आणि बापाला घेऊन येणार. उठली असती तर नीला तिला अडवू शकली नसती. सुनीतीनं मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"त्या दिवशी काकूंना निरोप द्यायला मलाच पाठवलं होतं," ती म्हणाली. नीलाच्या पदरावरच्या माइकनं तिचेही शब्द पकडले. "आणि मग मलाही सांगितलं होतं, तू स्वयंपाकघरातच थांब, टाकलेली बाई समोर नको. मी पण नाही पाहिलं मैत्रेयीचं लग्न." तिनं पदर सारखा केला, उजवा हात पुढं केला. "काकू, उशीर होतोय. सुरू करा."

नीलानं तिच्या तळहातावर पाणी सोडलं. त्या दिवशी तिनं सगळे मंत्र असे म्हटले की हॉलच्या वरच्या मजल्यावरही एक अक्षर ऐकायचं राहिलं नसेल. संकल्पाच्या वेळी तिनं सुनीतीला सांगितलं, "म्हण, मम." सुनीती म्हणाली. पहिल्यांदा पुटपुटत, नंतर स्वच्छ. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, सुनीतीनं एकटीनं मुलीचा हात राघवच्या हातात दिला. फोटोवाल्यानं तो क्षण नीट टिपला.

मध्येच नीलानं सहज जिन्याकडं पाहिलं तर मैत्रेयी हातात चहाचा कप घेऊन वर निघाली होती. होम आटोपल्यावर नीलानं तिला बाजूला गाठलं.

"तू चहा नेलास त्यांना?"

"आई, ऐंशी वर्षांचे आहेत ते. थंडीत बसलेत."

"मी एक्कावन्नची होते. मला कुणी आणला नव्हता."

"माहितीय मला." मैत्रेयीचे डोळे भरून आले. "मला सगळं माहितीय. पण मला नाही गं जमत तुझ्यासारखं."

"तुला जमायची गरज नाही," नीला म्हणाली. "माझं मला जमतंय." पण तो चहा तिला लागला. दिवसभर लागत राहिला.

अण्णासाहेब जेवायला खाली आले तेव्हा कुणी त्यांच्यासाठी जागा केली, कुणी केली नाही. मधलं सगळं त्यांच्या कानावर गेलेलं असावं. माइक वरपर्यंत ऐकू जात होता. ते काठी टेकत नीलापाशी आले.

"झालं समाधान?"

नीलानं विचार केला. खरंच विचार केला, कारण प्रश्न खरा होता. "बरंचसं," ती म्हणाली. "सगळं नाही."

ते तसेच पुढं गेले. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत.

त्या लग्नाची चर्चा मोसमभर चालली. दोन घरांनी नीलाचं ठरलेलं काम रद्द केलं, बाई सूडखोर आहे म्हणून. नीलाला ते समजलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." बाकीच्यांनी केलं नाही. मार्चमध्ये अण्णासाहेबांनी प्रकृतीचं कारण देऊन अध्यक्षपद सोडलं. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी गणपतीच्या प्राणप्रतिष्ठेला नीलाला बोलावलं आणि शिरा बाहेरून मागवला.

उन्हाळ्यात एका दुपारी सुनीती आली. बावन्न वर्षांची, केस अर्धे पांढरे, लग्नानंतर पहिल्यांदाच एकटी. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. स्वरूपाचं नवं घर, मेट्रोची गर्दी, आंब्यांचे भाव. मग म्हणाली, "काकू, मला शिकवाल? या वयात जमेल का, माहीत नाही."

"मी तुझ्याच वयाची होते. जमेल," नीला म्हणाली. "आठवड्यातून तीनदा ये. पण खरा सराव घरी व्हायला हवा. रोज पहाटे."

"घरी बाबा असतात. त्यांची झोप..."

"असू देत." नीला उठली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. "बाहेरच्या खोलीत बसत जा. आणि पुटपुटायचं नाही हं. मोठ्यानं म्हणायचं."